दार आधी जागं झालं

किनाऱ्यावरच्या एल्मिना गावात मासळीचं शीतगृह चालवणाऱ्या मामे अराबा या बाईंनी दाराची आतली कडी काढून टाकली होती, कारण कामगार आतून दार उघडून टूना मासे पळवायचे. कडीच्या जागी आम्ही लिनक्सच्या डबीवर, म्हणजे एका छोट्या संगणकावर, चालणारं, बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप बसवलं. आम्ही म्हणजे मी एबो आणि कुलपाचा जन्मदाता फीफी. वीज गेली तरी ते बंदच राहतं. चोर वीज जाण्याचीच वाट बघतात ना.

भर दुपारी वीज गेली, आली, तेव्हा आम्ही दोघं आत होतो. उणे अठरा अंशांत. दाराला बोट लावलं. दार ढिम्म.

"बोट गारठलंय माझं," मी म्हणालो.

"बोटाचा दोष नाही." फीफीचे दात वाजत होते. "डबी नव्याने उठली. आधी वही, म्हणजे नावांची यादी सांभाळणारा प्रोग्राम, उठते, कुणाला सोडायचं ते तिलाच माहीत. मग दार उठतं आणि तिला विचारतं. पण ती अजून डोळे चोळतेय. दाराने चार-पाचदा विचारलं आणि काम सोडलं."

"पण वही आधी, दार नंतर, असं लिहिलंयस ना?"

"लिहिलंय. वही तयार झाल्यावर दार, असं नाही लिहिलं."

भिंतीतल्या पाइपच्या भोकातून मामेंचा बाहेरून आवाज आला. "घाबरू नका रे. डबी बंद करून चालू करते."

"नको, मामे."

"केलं पण."

फीफीने कपाळ दारावर टेकलं आणि घाईने सोडवलं. थोडी कातडी तिथेच राहिली. वही अशी मध्येच बंद पडली, की उठल्यावर पहिल्यापासून स्वतःला तपासत बसते. दार तेवढ्यात पुन्हा विचारून पुन्हा रुसतं. मामे अशाच मदत करत राहिल्या, तर संध्याकाळी आम्हाला मासळीसोबत तोलतील. समोरच्या टूनाने हा संवाद आधीही कुणाकडून ऐकला असावा. मला पायांची बोटं जाणवत नव्हती, आणि सगळ्यात मोठी भीती ही, की त्याचं काही वाटतही नव्हतं.

"परत करू का?" मामे.

मी भोकाला तोंड लावलं. "मामे, पाहुणा दारात आला, की लगेच विचारता का, काय काम काढलंत म्हणून?"

"छे. आधी बसवायचं. पाणी द्यायचं. मग विचारायचं."

"वहीला आम्ही उंबऱ्यावरच विचारलं."

मामे फीफीवर घसरल्या. "फीफी, तुझ्या आईला हे माहितीये?"

"मामे, पडद्यावर वहीपुढे 'तयार' येईपर्यंत हात लावू नका. मग दार पुन्हा उठवायची कळ दाबा," फीफी म्हणाला.

"बरं. पाणी ठेवते तिच्यापुढे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मामे," फीफी हळूच म्हणाला, "पेला डबीपासून किती लांब आहे?"

"अगदी जवळ. हात पोचायला नको का तिचा?"

"तो उचला. दोन्ही हातांनी."

मग वहीची वाट बघणं आलं. मी फीफीला मिठी मारली होती, उबेसाठी. तोही तसंच सांगेल. त्याचं थरथरणं थांबत आलं होतं, आणि अशा थंडीत ते वाईट लक्षण, म्हणून मी त्याला चिमटे काढत राहिलो. एकदा त्याने उलट शिवी दिली आणि मला बरं वाटलं.

"तयार म्हणतेय," मामे म्हणाल्या. "दाबू?"

"दाबा."

मी पुन्हा बोट लावलं आणि दार उघडलं. फीफीने फटीत बूट घातला.

"पाय काढ, मासळी वितळतेय," मामे म्हणाल्या.

त्याने डबी तिथेच मागवली आणि एक पाय फटीत ठेवून नवी ओळ लिहिली: वहीने स्वतः तयार म्हटल्यावरच दार.

"छान," मामे म्हणाल्या. "आता दार लावून वीज घालवून बघू. आत कोण थांबतंय?"

फीफीने दुसरा पायही फटीत घातला.