सशाच्या पेशी

टक्. पाकिटातून गोळी सुटून बशीत पडली. सकाळपासून गप्प असलेल्या स्वयंपाकघरात तेवढाच आवाज झाला.

"बाबा, थांबा. ती घेऊ नका."

सासऱ्यांचा हात पेल्याशीच राहिला. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस. मध्येच ब्रेक लावायला सांगितलेलं त्यांना आवडत नसे. "का गं सूनबाई? तूच तर माझं नाव चाचणीत घातलंस. आमच्याच प्रयोगशाळेचं औषध, डोळे मिटून घ्या, म्हणालीस."

म्हणाली होती खरी. माणसांवरच्या चाचणीआधीचा अहवाल द्यायच्या आठवड्यात प्रयोगशाळेतले ससे आजारी निघाले. नवे यायला बरेच महिने लागणार होते. साहेब म्हणाले, उंदरांवर भागवा. तिनं उंदरांच्या हृदयातल्या पेशी सुट्या केल्या आणि त्यांच्यावर औषध सोडलं. कॅल्शियम आत घेणारी पेशींची बारीक दारं निम्मी मिटली, तरी पेशी आपल्या ठोक्यागणिक आखडत, सैलावतच होत्या. 'हृदयाला धोका नाही' लिहून तिनं सही केली. उंदराची पेशी बहुतेक आतल्या कॅल्शियमच्या साठ्यावर चालते, दारातून चिमूटभर आलं तरी तिचं निभतं, हे ती दर वर्षी नवशिक्यांना शिकवायची. सही करतानाही ठाऊक होतं. पण लेकीला, पिटुकलीला, ताप होता, घरी पोचायची घाई होती.

ससे काल आले. मात्रा तीच. सशाची पेशी एकदा नीट आखडली, मग अर्धवट, मग नुसती थरथरली आणि पडून राहिली. तिनं साहेबांना लगेच फोन लावला. "सोमवारी बघू," ते म्हणाले.

"दारातून येणाऱ्यावर सशाची भिस्त जास्त असते," ती आता सासऱ्यांना सांगत होती, "आणि माणसाचं हृदय सशाच्या वळणावर गेलंय, बाबा. उंदराच्या नाही. किती गोळ्या झाल्या?"

"बारा. जिन्यात दोनदा थांबावं लागतं खरं. म्हटलं, जुनी गाडी, चढाला धापा टाकणारच."

तिनं त्यांचं मनगट धरलं. ठोका आला. पुढच्याची वाट बघावी लागली. मोज्याच्या काठावर पाय सुजून वर आला होता. चाचणीतल्या आणखी चाळीस घरांत या वेळी कुणीतरी ही गोळी बशीत काढत असेल.

"चपला घाला. दवाखान्यात जाऊ. तिथून सगळ्यांना फोन करायला लावते."

"साहेब तुला ठेवतील का गं कामावर?"

"चपला घाला, बाबा."

टेबलाखाली बुटाचे बंद बांधत बसलेली पिटुकली बाहेर आली. सहा वर्षांची, पण कान सगळीकडे.

"आई, आजोबांचं हृदय सशासारखं आहे?"

"बरंचसं."

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो, राणी."

पिटुकलीनं आजोबांचं बोट धरलं आणि आईकडे बघितलं.

"मग तू उंदराला का विचारलंस?"