पाण्याला शीग नसते

मित्रांनो, मी उंब्रजच्या अल्लाबक्षच्या दुकानातली जुनी पायली. पायली म्हणजे धान्य मोजायचं लोखंडी माप. कराडच्या लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं, आणि तेव्हापासून सगळ्या पेठेची ज्वारी माझ्या पोटातून गेली. माप भरलं की काठाच्या वर धान्याचा डोंगर चढवतात, त्याला शीग म्हणतात. गिऱ्हाईक आधी शीग बघतं, मग दुकानदाराचं तोंड. माझ्या शिगेचं पेठेत नाव होतं.

अल्लाबक्षची लेक जरिना माझ्यावरच मोजायला शिकली. पहिल्या मापाला आमच्यात 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ, दोन, तीन" असं ती गात मोजायची. ती पोर माझी होती.

त्र्याहत्तर साली ती चौथीत होती. बाळासो गुरुजींनी तिला साताऱ्याच्या एका निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं काढलं. अल्लाबक्ष म्हणाला, "बसवा गुर्जी, पर एकदाच. न्हाई नाव लागलं, तर माझ्याजवळ माप धरंल."

न लागो, असं मी मनात म्हटलं. खोटं कशाला बोलू?

शिकवणी दुकानातच चाले. गुरुजींनी पिशवीतून लिटरचं माप काढलं. चकचकीत, हलकं, टिचकी मारली तर किणकिणणारं. जरिना त्याला फ्रॉकनं पुसायची. मला कधी कुणी पुसलं होतं? माझा नुसता जळफळाट झाला.

एके दिवशी गुरुजींनी विचारलं, "वीस लिटरची टाकी. दोन लिटरच्या मापानं पाणी वतायचं. किती मापं?"

"नऊ."

"नऊ कशी गं?"

"शिगेचं धरलं की, गुर्जी. धा वतली तर सांडंल."

गुरुजी हसत पोत्यावर कलंडले. "आगं, पाण्याला शीग लागती व्हय?"

"दुकानदाराची पोर हाय," अल्लाबक्षही हसला. "गिऱ्हाइकाला कमी द्याची न्हाई!"

मी खूश झाले. माझी शिकवण अजून तिच्या डोक्यात होती. पण पोर रडायला लागली. गुरुजींनी तिला लिटर घेऊन हौदावर नेलं आणि स्वतःच्या हातानं बादली भरायला लावली. परत आली ती ओल्या फ्रॉकनं. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

परीक्षा झाली. साताऱ्याहून आल्यावर अल्लाबक्ष पेठभर सांगत सुटला, "तोंडी परीक्षेत सायबानं इचारलं, धान्य मापावर न विकता वजनावर का विकावं? तर ही म्हनली, शीग हातावर असती सायब. घेताना उंच, देताना बुटकी. आमच्या अब्बांची बी! माझीच अब्रू काढली की रं पोरीनं!"

आणि तिचं नाव लागलं.

तिचं बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. गिऱ्हाइकं वजनावरच मागायला लागली, महिन्याभरात दुकानात तराजू टांगला आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आले. पावसानं माझा काठ गंजला. जरिना सुट्टीला येते तेव्हा मला ओलांडून जाते.

मित्रांनो, पुढं जायला माझी खोड सांगावी लागली तर खुशाल सांगा. पण मग मला पुसून कोरड्या जागी तरी ठेवा. मी कायम तेवढीच होते. शीग बुटकी करणारा हात माझा नव्हता.