चौकटीसकट

पहिलं बक्षीस मिळालं म्हणून जिच्या अंगाचा तिळपापड झाला, अशी अख्ख्या वाशीत मी एकटीच बाई असेन.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. आमच्या भागातल्या एका मंडळाने निसर्ग छायाचित्रांची स्पर्धा जाहीर केली होती. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत नोकरीला, आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून खाडीकाठी भटकणारी. घरच्यांच्या मते हे खूळ. असेना. नुसतं आकाश आणि पाणी सगळेच काढतात. मला ते कशातून तरी बघायला आवडतं. फांद्यांच्या कमानीतून, होडीच्या दोरांमधून. चौकट असली की बघणाऱ्याला कळतं, आपण कुठे उभे आहोत.

खाडीकाठच्या बोनकोडे गावातल्या सखूबाईंकडून मी सोललेली कोळंबी घ्यायची. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि मागचं दार दिसलं. दाराभोवती गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची चित्रं. मासे, कुर्ल्या, माड आणि वरच्या बाजूला वल्हवत चाललेली होडी. थोरल्या मुलाच्या, दिपेशच्या लग्नात सखूबाईंनी बोटाने काढलेली, दर दिवाळीला पुन्हा गिरवलेली. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, उघड्या दारातून, खरी खाडी. खारफुटी, चिखल, बगळे. मी पाण्याचा पेला हातात धरून तशीच उभी राहिले.

घर पाडायचं ठरलं होतं. दिपेशला तिथे इमारत उठवायची होती आणि त्यावरून घरात कुणाचं भांडण नव्हतं, सखूबाईंचंही नाही. फोटो काढू का विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बाय, घर जाऊ दे, जुनंच झालंय. पन माजं दार आख्खं येऊ दे फोटूत." मी शब्द दिला.

काम सोपं नव्हतं. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. खाडी नीट यावी तर भिंत काळीठिक्कर, भिंत यावी तर खाडी पांढरीफटक. मी चडफडत बसले. शेवटी सखूबाईंचे यजमान नामदेवराव शिडी लावून छपरावर चढले आणि त्यांनी सरळ कौलं काढायला घेतली. "पाडायचंच हाय," म्हणाले. वरून उन्हाचा पट्टा नेमका चित्रांवर उतरला, मासे उजळले, आणि बाहेर दोन बगळे दारासमोर येऊन बसले. त्या दिवशी एकच फोटो मनासारखा आला.

स्पर्धेसाठी छोट्या प्रिंटबरोबर निगेटिव्ह द्यायची होती. मोठी प्रत मंडळ करून घेणार होतं. मी दोन्ही दिली. प्रदर्शन संपलं की निगेटिव्ह परत घेऊन सखूबाईंना मोठा फोटो करून द्यायचा, असं मी ठरवलं होतं. प्रदर्शन लागण्याआधीच घर पडलंसुद्धा.

उद्घाटनाला मी नवरा-बायको दोघांना घेऊन गेले. सखूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. हॉलच्या मुख्य भिंतीवर माझा फोटो, खाली 'प्रथम पारितोषिक'ची चिठ्ठी. दोन बगळे, खारफुटी, पाणी. संपलं. दार नाही, मासे नाहीत, होडी नाही. चारी बाजूंनी वीतभर रुंद कोरा पांढरा पुठ्ठा, त्यावर काच आणि बाहेर नक्षीची सोनेरी फ्रेम.

सखूबाई फोटोच्या जवळ गेल्या, लांब झाल्या, शेजारचे फोटो बघून आल्या. "बाय, माजं दार कुठं लावलंय?" त्यांना वाटलं, दार वेगळं टांगलं असेल. मला तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी संतापाने डोकं तडकलं.

मंडळाचे कार्यवाह जयप्रकाश सबनीस यांना मी दारातच गाठलं. "माझा फोटो कापलात?"

"कापला नाही मॅडम, क्रॉप केला. सब्जेक्ट निसर्ग आहे ना? त्यात ती स्वयंपाकघराची भिंत कशाला? बगळे बघा आता कसे उठून दिसतात."

"ती भिंत म्हणजेच चौकट होती."

"म्हणून तर फ्रेम घातली. खास दादरहून आणलीय."

हसावं की ती दादरची फ्रेम यांच्याच गळ्यात घालावी, मला कळेना. हाताने रंगवलेली चौकट कापायची, विकतची लावायची, आणि वर उपकार केल्याचा आव. या माणसाला बगळे म्हणजे निसर्ग, आणि त्या बगळ्यांच्या शेजारी जन्म काढलेली बाई म्हणजे डाग. मी निगेटिव्ह मागितली. ती आता मंडळाच्या कपाटातच राहते म्हणाले, नियम आहे, टेन्शन घेऊ नका.

कार्यक्रम सुरू झाला. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या फोटोकडे हात करून सांगितलं, "माणसाचा हात न लागलेला निसर्ग कसा असतो, ते इथे बघा." मग माझं नाव पुकारलं.

मी माईकपाशी गेले. "हा फोटो माझा नाही. माझ्या फोटोत एक दार आहे आणि ते या सखूबाईंनी रंगवलंय. बक्षीस तुम्हाला ठेवा, माझी निगेटिव्ह द्या."

सबनीसांनी हसत हसत माईक माझ्या हातातून काढून घेतला. "मॅडम जरा इमोशनल झाल्यात," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

टाळ्या चालू असतानाच सखूबाई उठल्या. फोटोपाशी गेल्या आणि काचेवरून, त्या कोऱ्या पुठ्ठ्याच्या जागी, बोट फिरवू लागल्या. "हितं कुर्ली व्हती," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण टाळ्या थांबल्या. "हितं मासं. वरती होरी. आन मधी तुमचं बगलं."

सबनीस धावले. "मावशी, फोटोला हात लावू नका."

सखूबाईंनी उघडा पंजा काचेवर दाबून धरला. "फोटूला नाय लावला. माज्या दाराला लावलाय."

कपाटाची किल्ली सबनीसांच्याच खिशात होती. निगेटिव्ह माझ्या हातात पडेपर्यंत सखूबाईंनी पंजा उचलला नाही.