अमरावतीवाल्याची चिठ्ठी

"हे पुस्तक आधीचं नोय, मॅडम. त्याच्या खाली ठेवा."

उकंडराव सतरंजीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात धनुष्यबाणाच्या दुकानांची जुनी चित्रपुस्तकं पसरली होती, आणि एकावरही साल छापलेलं नव्हतं. कारंज्याच्या तिरंदाजी केंद्रात त्यांचं प्रदर्शन लागणार होतं. ती क्रमानं लावायला केंद्राच्या स्नेहा मॅडमनी इंझोरीहून धनुष्य बनवणाऱ्या उकंडरावला बोलावलं, आणि त्यानं सोबतीला मला आणलं.

त्याला वाचता येत नाही. पण चित्र पाहून तो सांगत होता. अखंड बांबूचं धनुष्य सगळ्यात जुनं. मग मुठीला चामडं आलं. बाणाला गिधाडाची पिसं होती, ती जाऊन प्लास्टिकची आली. मग फायबर. शेवटच्या पुस्तकातल्या धनुष्याला दोन्ही टोकांना चाकं होती.

"धनसिंगा, याले आता फक्त घंटी लावाची राह्यली," तो मला म्हणाला. मॅडम खळखळून हसल्या.

मग त्यांनी बाजूला ठेवलेली दोन पुस्तकं काढली. दोन्हीत दोन तुकड्यांचं धनुष्य होतं. मुठीपाशी जोडायचं, काम झालं की सोडवायचं. उकंडरावनं असं धनुष्य बनवलं ते एसटीपायी. अखंड धनुष्य गाडीत आडवं बसत नव्हतं आणि कंडक्टर खाली उतरवायचा. त्यानं बनवलेलं पहिलं जोडधनुष्य कारंज्याच्या दुकानदार शेटजींनी फोटोसाठी नेलं, ते यातल्या एका पुस्तकात होतं. दुसरं पुस्तक अमरावतीच्या दुकानाचं. त्याच्या पाठीवर एका शाळेचा शिक्का होता, सन एक्क्याऐंशी.

"बाबा, शेटजींच्या पत्त्यात पिनकोड नाही," मॅडम म्हणाल्या. "पिनकोड बहात्तरला आला, म्हणजे हे त्याआधीचं. जोडधनुष्य पहिल्यांदा तुम्ही केलं. केंद्राच्या दारावर तुमचं नाव लावायचं ठरलंय."

मला तर उठून नाचावंसं वाटलं. चाळीस वर्षं हा माणूस गावाला सांगत आला होता की जोड आपणच काढला. लोक म्हणत, "हो बापा, अन् विमानबी तूच काढलं." आज त्याचं खरं होत होतं.

उकंडरावनं चष्मा पुसला. पुस्तक उजेडात धरलं. बराच वेळ तो मुठीवरचा गुंडाळलेला दोरा पाहत राहिला.

"मॅडम, हे बहात्तरचं नोय."

"काहून रे?" मीच ओरडलो.

"बांधणी पाह्य. माही बायको भागिरथा दोरा उजव्या हातानं गुंडाळे, तवा पीळ इकडं जाये. हा उलटा हाय. कडबा कापाच्या कुट्टीच्या मशीनीत तिची तीन बोटं गेली, तवापासून ती डाव्या हातानं बांधे. आमची पोरगी सपना पोटात होती तवा."

"सपनाताईंचा जन्म कधीचा?" मॅडमनी हळूच विचारलं.

"शाळेच्या दाखल्यावर चौऱ्यांशी हाय."

"आणि पिनकोड?"

"शेटजी लय चिकट. पत्त्याचा जुनाच ठसा वापरला असन."

मी त्याच्या कानाशी लागलो. "उकंड्या, कोणाले समजते बे? गप बस ना!"

"मले समजलं ना," तो म्हणाला.

अक्षरं मी म्हातारपणी शिकलो आणि त्याचा मला तोरा होता. तो त्या दिवशी उतरला.

मॅडमचा चेहरा पडला होता. "मग एक्क्याऐंशीचं अमरावतीचंच आधीचं, आणि दारावर तिथल्या कारागिराचं नाव लागेल. पण ते इथं छापलेलंच नाही."

"कारागिराचं कोण छापते? माहं तरी कुठं हाय?"

मॅडमनी पेन काढलं. मग म्हणाल्या, "निदान तुमच्या धनुष्याच्या चित्राखाली नाव लिहू द्या."

"भागिरथा लिहा. ओळखू आली ते तिची बांधणी."

त्यांनी ठळक अक्षरात चिठ्ठी लिहिली. उकंडरावनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. भागिरथाला जाऊन सहा वर्षं झाली, आणि तिचा फोटो घरात नाही.

"आता अजून एक चिठ्ठी द्या. कोरी."

"कोरी कशाला, बाबा?"

"त्या अमरावतीवाल्यासाठी. पाहाले येणाऱ्यांत कोणी त्याले ओळखन, तो लिहीन."

मॅडमनी कोरी चिठ्ठी दिली. त्यानं ती अमरावतीच्या पुस्तकावर ठेवली, पंख्यानं उडू नये म्हणून वर खडा ठेवला, आणि ते पुस्तक उचलून भागिरथाच्या पुस्तकाच्या आधी मांडलं.