शकुनबाईंनी विकलेले रेडिओ

गोदाबाईने पाकीट फाडून खाटेवर उपडं केलं. तारा, मण्यांएवढे रंगीत तुकडे, एक हिरवी पट्टी, इवलासा स्पीकर.

“हा रेडिओ हाय?”

हर्षाने आईकडे पाहिलं. शकुनबाई झेंडूच्या ढिगात एकदम गर्क झाल्या.

“आजी, हे किट हाय. घरी जोडाचं. त्यातच तं मजा हाय.”

“मजा? म्या रेडिओचे पैसे देल्ले, पोरी.”

झालं होतं ते असं. हर्षाने आधी इंटरनेटवर क्राउडफंडिंग मांडलं. ठरलेली रक्कम जमली तर किट बनणार, नाहीतर ज्याचे पैसे त्याला परत. पैसे भरणारे कुठल्या कुठल्या गावचे हौशी लोक. रक्कम अर्धीही भरली नाही आणि पैसे मुकाट परत गेले. पोरगी रुसून बसली. ते बघवेना, म्हणून शकुनबाईंनी अमरावतीच्या फूलबाजारातल्या गोदाबाईसारख्या बायांकडून आगाऊ पैसे घेतले. हार गुंफता गुंफता रेडिओ ऐकाल म्हणाल्या. ‘किट’ हा शब्द तेवढा गिळला.

“तुकडे म्हटलं असतं तं कोनं पैसे देल्ले असते?” गोदाबाई तुकडे गोळा करून फणकाऱ्याने गेल्यावर त्या म्हणाल्या.

“अन् आता साऱ्या जणी वापस मांगतीन तं? सारे पैसे सामानात गेले, माय!” हर्षा म्हणाली. अनोळखी लोक परवडले. यांना रोज तोंड दाखवायचं होतं. पुन्हा किटचं नाव काढायचं नाही, असं तिने ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दुपारी अंगणात सात-आठ बाया हजर. हातात पाकिटं, काखेत पाट.

“पापडाले बसतो तशा बसतो,” गोदाबाई म्हणाली. “दाखव, कुठून सुरू कराचं?”

कळ्या ओवणारे हात ते. तारा भोकांत पटापट गेल्या. कथिल वितळवून त्या डकवायची सोल्डरगन तेवढी हर्षाने आपल्याच हातात ठेवली. दिवस कलता कलता त्यांच्यातल्या कौशल्याबाईच्या रेडिओने खरखरत गाणं धरलं आणि काय तो गलका! गोदाबाईचा रेडिओ मात्र मुकाच.

हर्षाने घाईघाईने स्वतःचा तयार रेडिओ पुढे केला.

“आजी, हा घ्या. मस्त वाजते.”

गोदाबाईने आपला मुका रेडिओ पदराखाली ओढला.

“तो तुहा. हा माहा हाय. काहून बोलत नाही, तेवढं सांग.”

हर्षाला भरून आलं. सुटलेला जोड तिला केव्हाच दिसला होता. तिने त्यावर बोट ठेवलं, सोल्डरगन उचलली आणि गोदाबाईच्या हातात दिली.