देवीच्या नावानं काढलेली सहल

खानदेशातल्या माणसानं कुठल्याही शहरात जायचं म्हटलं की पहिला प्रश्न हॉटेलचा नसतो, तिथं आपलं कोण आहे हा असतो. आणि कोणी ना कोणी असतंच. धुळ्यातल्या देवपूरच्या नूतनला नेमकं कोणीच नको होतं, म्हणून शहर निवडताना तिच्या नाकी नऊ आले. सुरतेत तर अर्धं धुळंच राहतं. पुण्यात मावसभाऊ, नाशकात काका, इंदूरला आईची बालमैत्रीण. यांतल्या कुठंही लॉजवर उतरणं म्हणजे नातेवाइकांचा अपमान. बॅग खाली ठेवायच्या आत कोणीतरी न्यायला यायचं आणि झोपायच्या वेळी दोघींच्या गाद्या भाचरांच्या रांगेत पडायच्या.

दोघी म्हणजे नूतन आणि सारिका. नूतन देवपुरात एका शाळेत विज्ञान शिकवते, सारिका भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात आहे. तीन वर्षं त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे आणि ते सगळं जळगावातल्या रविवारांवर चाललंय. एसटीनं यायचं, जेवायचं, बागेत बसायचं, अंधार पडायच्या आत आपापल्या गावी परतायचं. सकाळी एकमेकींच्या शेजारी जाग येणं कसं असतं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. म्हणून डिसेंबरात चार दिवस कुठंतरी जायचं ठरलं.

सारिकानं कोलकाता सुचवलं. भुसावळहून थेट गाडी, डिसेंबरात तिथं आपल्यासारख्या माणसांची मिरवणूक निघते म्हणे, आणि मुख्य म्हणजे दोघींच्याही नात्यातलं चिटपाखरू तिथं नाही. सारिका कामाची पक्की. तिनं गेस्टहाउसांना फोन लावून सरळ विचारलं, आम्ही दोघी जोडपं आहोत, एक खोली, एक पलंग, काही अडचण? एकानं फोनच ठेवला. दुसऱ्यानं बरीच सारवासारव केली. तिसरीकडच्या बाईंनी फक्त जेवणात मासे चालतात का तेवढं विचारलं. खोली तिथंच घेतली.

घरी सांगण्याचं काम नूतनचं, आणि तिथं तिनं नको तो शहाणपणा केला. नुसतं फिरायला जातेय म्हटलं तर आई खोदून खोदून विचारणार, म्हणून तिनं मैत्रिणीबरोबर, सारिकाबरोबर, कालीमातेच्या दर्शनाला जायचंय असं सांगून टाकलं. आपल्याकडे देवीचं नाव काढलं की परवानगी मिळते, हे तिला चांगलं माहीत होतं. परवानगीबरोबर आणखी काय मिळतं, ते मात्र ती विसरली. देवीला कधी कोणी एकटंदुकटं जातं का? आईनं लगोलग भागाबाई आत्याला कळवलं. भागाबाई म्हणजे नूतनच्या वडिलांची थोरली बहीण. वडील, म्हणजे नाना, जाऊन बरीच वर्षं झाली, पण या घरातला शेवटचा शब्द अजून आत्याचाच. आत्यानं शिरपूरहून हुकूम सोडला, आणखी दोन तिकिटं काढ, चौघी जाऊ, एकाच खोलीत मजेत राहू.

नूतनला हसावं की रडावं कळेना. कोणाला संशय येईल या भीतीनं ती इतकी वर्षं जपून वागली, आणि आता तिची सहल इतकी सोज्वळ ठरली होती की सगळ्यांनाच यायचं होतं. आईनं कपाटातला स्वेटर उन्हात टाकला, दशम्यांसाठी पीठ दळून आणलं. आईला इतकं खुशीत तिनं फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि तेच जास्त टोचत होतं.

हे सगळं ऐकून सारिका चिडली नाही.

"घरी काय सांगायचं ते तू ठरव, मी जबरदस्ती करणार नाही," ती फोनवर म्हणाली. "पण चार दिवस मैत्रीण म्हणून नाही फिरणार मी. तशी तर रोजच असते. चौघींचं ठरलं असेल तर तुम्ही तिघी जाऊन या."

नूतनला तिचा राग आला नाही, स्वतःचा आला. वर्गात साठ पोरांना गप्प बसवणारी बाई घरी देवीच्या आड लपते, हे तिला आता सहन होईना. पुरे झालं, असं तिनं ठरवलं आणि ठरवल्यावर उलट तिला मोकळं वाटलं.

दुपारी आई ओट्याशी भाकरीचं पीठ मळत होती. नूतन शेजारी जाऊन उभी राहिली.

"आई, तुझं आणि आत्याचं तिकीट मी काढणार नाही. देवीचं मी खोटं सांगितलं. सारिका माझी नुसती मैत्रीण नाही. नाना तुझे जे होते, ते ती माझी आहे. आम्हाला दोघींनाच जायचंय."

आईचे हात थांबले. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. सारिकाच्या घरी माहीत आहे का? भावाला आहे. चाळीसगावच्या स्थळाला नाही म्हणालीस ते यामुळेच का? हो. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं दंडाला पुसलं.

"माले हाई पटत नही," ती म्हणाली. घरात ती अहिराणीच बोलायची. "समजतबी नही."

पटायला हवा तेवढा वेळ घे, मी मात्र जाणार, असं नूतननं सांगितलं.

आई भाकरी थापत राहिली. शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली, हात धुतले आणि आत्याला फोन लावला. आता सगळ्या गोतावळ्यात बोभाटा होणार, असंच नूतनला वाटलं.

"ताई, आपन कोलकत्ताले जात नहीत," आई म्हणाली. "त्या दोन्ही पोरीच जातीन."

पलीकडून आत्याचा आवाज चढला. तरण्या पोरी, परका मुलूख, संगे कोणी मोठं माणूस नको का? आईनं तिला बोलू दिलं. मग एकदा नूतनकडे पाहिलं आणि फोन कानाशी नीट धरला.

"मन्हं लगीन झायं आनि आम्ही दोन्ही गडवर देवीले गऊत, तवय तुम्हीबी संगे व्हतात. रातले आमना दोन्हीस्ना मधमा निजनात. एक डाव झायं तेच पुरं शे, ताई."