दोन ठोके

"थांबा. हे कुठून उचललंत?" तिने विचारलं.

समोरची बाई गप्प झाली. तिची गोष्ट जेमतेम निम्मी सांगून झाली होती.

सिनेमे काढणाऱ्या त्या कंपनीच्या माडीवर दर शनिवारी होतकरू लेखक यायचे, पाच मिनिटांत आपल्या सिनेमाची गोष्ट सांगायचे आणि तिचं मत ऐकून खाली उतरायचे. कंपनीसाठी गोष्टी निवडायचं काम तिचं होतं, आणि ऐकताना ती डोळे मिटून घ्यायची. चेहरा बघितला की माणूस फसतो, असं तिचं म्हणणं. हातवारे आणि पाणावलेले डोळे यांवर कशीही गोष्ट खपून जाते, आणि पडद्याशेजारी उभा राहून हातवारे करायला लेखक काही येत नाही. बाहेरच्या बाकावर बसलेली मंडळी तिला 'समाधी' म्हणत. तिला ते माहीत होतं. पण समाधी लागलेली असली तरी चोरीचा माल तिला वासावरून कळायचा. "मूळ सिनेमात कुत्रा होता, तुम्ही मांजर केलंत, एवढंच," असं ती शांतपणे सांगायची, आणि समोरच्याचे कान लाल व्हायचे.

आज मात्र तिचे डोळे उघडले ते वेगळ्याच कारणाने.

गोष्टीत एक म्हातारा होता. अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेलेला, अंथरुणाला खिळलेला. त्याच्या पलंगाच्या लोखंडी दांडीला पायजम्याच्या नाडीने एक चमचा बांधलेला होता. कुणी बोलून बोलून वीट आणला की म्हातारा चमच्याने दांडीवर दोन ठोके द्यायचा. पुरे!

असा चमचा तिने एकाच घरात पाहिला होता: भावाकडे, बाबांच्या पलंगाला. बाबा गेल्यावर वहिनीने नाडी सोडवून तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला होता.

"उचललं नाही, मॅडम," बाई म्हणाली. "बघितलंय."

"एक मिनिट," म्हणून ती गॅलरीत गेली आणि तिने भावाला फोन लावला.

"दादा, बाबांच्या चमच्याचं कुणाकुणाला सांगितलंस?"

"कसला चमचा? अगं, मी इथे प्लंबरशी डोकं फोडतोय."

"माझ्यासमोर बसून कुणीतरी बाबांचा सिनेमा सांगतंय."

"मग हिरो म्हणून मला घ्या म्हणावं." आणि मग त्याचा आवाज बदलला. "तुझं आपलं कायम असंच. आईची अंगठी सापडेना तेव्हाही पहिला संशय माझ्यावरच. समोरच्या काकू असतील त्या. दुपारी तुझ्या वहिनीची ड्युटी असायची, तेव्हा त्याच बसायच्या बाबांजवळ. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. ती संध्याकाळी जायची.

ती परत आली तेव्हा बाई पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

"तुम्ही समोरच्या काकू. आल्या आल्या सांगितलं का नाहीत? ओळखीवर काम होईल, म्हणून आलात?"

"ओळख कुठली? तुम्ही खाली मान घालून यायच्या, खाली मान घालून जायच्या. आणि इथे आले, तर तुम्ही डोळेच मिटलेत."

"पुढे सांगा."

आता ती काकूंच्या तोंडाकडे बघत ऐकू लागली.

म्हाताऱ्याला एक मुलगी होती. ती संध्याकाळी यायची, उशाशी बसून दिवसभराचं सांगायची. तिने तोंड उघडलं की म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. मुलीला वाटायचं, बापाला आपण नकोसे झालोय.

बाबा अगदी तसंच करायचे. एका शिट्टीत अख्खं मैदान ताठ उभं करणारा तो ड्रिल मास्तर, पण तिने "बाबा, आज काय झालं माहितीये?" म्हटलं रे म्हटलं, की पापण्या खाली यायच्या. दुकानाचं शटर ओढावं तशा. दादाला निदान चमच्याचे ठोके तरी मिळायचे. तिच्या वाट्याला तेवढेही नाहीत. मग रोजचं जाणं एक दिवसाआड झालं, आणि त्यानंतर सुट्टीच्या दिवसापुरतं उरलं.

"शेवटी म्हातारा बोलतो," काकू रंगात आल्या होत्या. "मुलीला हाक मारतो आणि मुलगी रडत रडत त्याच्या छातीवर..."

"तो बोलला?"

"नाही हो. ते मी घातलं. लोकांना काहीतरी लागतं ना."

"आणि डोळे मिटायचं? तेही तुम्हीच घातलं?"

"छे! दार उघडं असायचं तुमचं. मला घरातून दिसायचं." काकू पुढे सरकल्या. "मी माझ्या गोष्टी आधी त्यांच्यावर करून बघायचे. म्हटलं, पळून तर जाणार नाहीत. टक्क डोळे उघडे ठेवून ऐकायचे आणि फटाफट ठोके! दोनतीन गोष्टी पार मोडीत काढल्या माझ्या. एका दुपारी डोळे मिटले. मला वाटलं, डुलकी लागली. उठून निघाले तर चमचा वाजला. बसले, तर पुन्हा मिटले. गोष्ट संपेपर्यंत तसेच. विचारलं, 'मास्तर, ही कुठली नवीन तऱ्हा?' तर नुसतं दाराकडे बघितलं. संध्याकाळ होत आली होती, तुमची यायची वेळ."

झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत खोलीतली शांतता सोसवेना, म्हणून तिनेच बाबांना सांगितलं होतं: कामावर लोकांच्या गोष्टी मी डोळे मिटून ऐकते, बाबा. सगळं नीट ऐकू येतं.

पण ऐकणाऱ्याला जे हवं असतं तेच हातावर ठेवणारी गोष्ट बहुतेक खोटी असते, हेही ती दर शनिवारी याच खुर्चीतून सांगत आली होती. आणि या बाईला सिनेमा हवा होता.

"काकू, मी बोलत असताना कधी ठोके ऐकलेत?"

काकूंनी आठवून बघितलं. "भावाला पडायचे. सुनेला पडायचे, मला तर पोत्याने पडायचे. तुमच्या वेळी..." त्या थांबल्या. "नाही बाई. एकदाही नाही."

एकदाही नाही. हे तिच्याखेरीज कुणी कधी मोजलंही नव्हतं. दादापाशीही ती तक्रार करायला धजली नव्हती; काकूंना ते कुणाकडून कळलेलं असणं शक्य नव्हतं. इतके महिने जे तिने मनाला लावून घेतलं होतं, ते एवढंच होतं: तिला बाबांनी कधी 'पुरे' म्हटलं नव्हतं.

बाहेर बाकावर कुणीतरी मुद्दाम मोठ्याने खोकलं. काकूंनी पिशवी सावरली.

"मग मॅडम, कशी वाटली?"

"शेवट काढून टाका," ती म्हणाली. आवाज कामाचाच होता, फक्त जरा कोरडा. "म्हातारा बोलत नाही. मुलगी रडत नाही."

"मग लोकांना देऊ तरी काय?"

"ते बघू नंतर. सुरुवातही लांबलीय. चमचा फार उशिरा येतो." तिने समोरचा पाण्याचा ग्लास थोडा बाजूला सारला. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

"अहो, माझी पाच मिनिटं केव्हाच झाली. बाहेरचे मारतील मला."

ती उठली. दार उघडून बाकावरच्यांना म्हणाली, "आज वेळ लागेल. चहा घेऊन या." दार लावून घेतलं आणि पंख्याचं बटण बंद केलं.

"उकडेल हो," काकू म्हणाल्या.

"उकडू दे. आवाज होतो त्याचा."

पाती फिरत फिरत थांबली. मग काकूंनी सुरुवात केली.